आरोग्याचा पाठ : नवऱ्याचीही तपासणी

झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेल्या पावसाळ्यात एक सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, लग्नाला चार वर्षं झाली, सुनेला पोर नाही. पोराला आता दुसरी पाहतो." सुनेने तोवर भगत झाले, दोन डॉक्टर झाले. मुलाची एकही तपासणी नव्हती. म्हणून या अंकाचा पाठ वीर्यतपासणीवर. भाऊ, काका, लाजू नका, वाचा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचेही काही कारण सापडते. आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी सोपी : ना सुई, ना भूल.

आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचा. नमुना हाताने, लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीतच घ्यायचा. साबण, थुंकी किंवा साधा निरोध चालत नाही, त्याने शुक्राणू मरतात. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, ते सांडले तर न लाजता सांगावे. नमुना तासाभरात तपासायला घेतला पाहिजे. आपल्या पोडावरून यवतमाळला तासात पोहोचणे शक्यच नाही, म्हणून तो लॅबमध्येच द्यावा.

हा मुलगा मात्र औषधाची जुनी बाटली धुऊन घरूनच नमुना घेऊन गेला. अहवाल आला : एकही शुक्राणू हलत नाही. घरात रडारड. चूक त्याची नव्हती, त्याला कोणी नीट सांगितलेच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान आकडे आहेत : वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे पोहणारे ३० टक्के. नीट आकाराचे फक्त ४ टक्के असले तरी चालते, त्यामुळे अहवालात "९५ टक्के सदोष" वाचून घाबरू नका. वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांतही शंभरात पाच जण या आकड्यांच्या खालीच होते. म्हणजे कमी आकडा म्हणजे "कधीच नाही" असे नव्हे.

एका अहवालावर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मधे मोठा ताप आला असेल तर आकडा खाली जातो. या मुलाला दोन महिन्यांपूर्वी मलेरिया झाला होता. शिवाय दिवसाला चार-पाच खर्रे. तंबाखूही शुक्राणूंना मारक.

फवारणीचेही डॉक्टरांना सांगा. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. विष वंशावरही उठू शकते : १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचे कृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलेच होईनात, तपासले तर अनेकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते औषध आज आपण वापरत नाही, पण उघड्या अंगाने फवारणे कोणतेच बरे नाही.

तीन महिन्यांनी मी त्याच्यासोबत लॅबमध्ये गेले. नवी डबी, नमुना तिथेच. दर मिलिलिटरला २ कोटी २० लाख, ३५ टक्के पुढे पोहणारे. खर्रा पूर्ण सुटलेला नाही, दिवसाला एकावर आला आहे. आता सुनेची तपासणी सुरू आहे, आणि या वेळी तिच्याबरोबर नवरा गेला होता. सासूबाईंनी दुसरीचा विषय तूर्त काढलेला नाही.