भाजी का तापते?

माळशिरस तालुक्यातील आमचे नातेपुते आळंदी-पंढरपूर वाटेवर आहे. दर वर्षी आषाढी एकादशीच्या पाच-सहा दिवस आधी श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामाला असते. त्या दिवशी घराघरांत वारकऱ्यांसाठी चूल पेटते. कोणी भाकरी देतो, कोणी पिठले. ज्याच्या परसात भाजी आहे, तो भाजी देतो.

एका वर्षी आमच्या गल्लीने ठरवले, की परसात घरच्या गरजेहून जास्त आलेली मेथी आणि पालक एकत्र करून एका दिंडीला द्यायचा. आदल्या संध्याकाळी वीसेक किलो भाजी गोळा झाली. ताजी राहावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडले, प्लॅस्टिकच्या गोणीत दाबून भरली आणि गोणीचे तोंड घट्ट बांधले. सकाळी ती दिंडीच्या स्वयंपाकाच्या जागी नेली. तेथील मावशींनी गोणीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

“मास्तर, भाजी तापलीया की! आत हात घालून बघा.”

मी हात घातला. कडेची भाजी हिरवीगार होती. मधली कोमट, चिकट आणि आंबूस वासाची झाली होती. निम्मी भाजी उकिरड्यावर गेली. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. मला लाज वाटलीच, पण एक प्रश्नही पडला. गोणी रात्रभर ओसरीवर होती. जवळ चूल नव्हती, ऊन नव्हते. मग ही उष्णता आली कोठून?

धान्य आणि भाजी

आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्हांला माहीत असेल. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. कोठारात धान्य होते, म्हणून ते जमले. पालेभाजीचे कोठार कोणी बांधल्याचे ऐकिवात नाही. वाळलेल्या ज्वारीत पाण्याचे प्रमाण सुमारे 10 ते 12 टक्के असते आणि तिच्यातील जीवनक्रिया अगदी मंद असतात. पालेभाजीत मात्र सुमारे 90 टक्के पाणी असते आणि खुडल्यावरही ती जिवंत असते. तिचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो.

या क्रियेत पेशींतील साखर ऑक्सिजनशी संयोग पावते. कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे भाजी अतिशय मंदपणे ‘जळत’ असते.

थोडे गणित

180 ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे 28 लक्ष ज्यूल उष्णता मिळते. म्हणजे दर ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे 10,600 ज्यूल. आता एक किलो पालेभाजी ताशी 200 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते असे धरू. मग तिच्यातून ताशी सुमारे 2,100 ज्यूल उष्णता निघेल. एक किलो भाजीचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे 4,000 ज्यूल लागतात. तेव्हा उष्णता बाहेर गेलीच नाही, तर भाजी दर तासाला अर्धा अंश तापेल. बारा तासांत सहा अंश!

शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले, की श्वसनाचा वेग दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. भाजी तापते म्हणून श्वसन वाढते, आणि श्वसन वाढते म्हणून भाजी आणखी तापते. आमच्या वीस किलोंच्या गोणीतून सेकंदाला सुमारे 12 ज्यूल उष्णता निघत होती. गोणीच्या मध्यभागी 12 वॉटचा दिवा रात्रभर जळत ठेवावा, तसाच हा प्रकार. त्यातच आतला ऑक्सिजन कमी झाला आणि पेशी आंबवण्याच्या मार्गाने जगू लागल्या. ओल्या पानांवर जंतूही वाढले. आंबूस वास त्याचाच.

चार चमचे पाणी

ही उष्णता काढायची कशी? माठाने ते आपल्याला कधीच शिकवले आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता शोषली जाते. आमच्या गोणीतून तासाला 42,000 ज्यूल निघत होते. ते वाहून न्यायला साडेसतरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पाणी पुरले असते. पण पाणी शिंपडूनही उपयोग झाला नाही, कारण बंद गोणीतील हवा बाष्पाने लगेच संपृक्त झाली आणि बाष्पीभवन थांबले. पाणी होते; वारा नव्हता.

उलट भाजी उघड्यावर उन्हात ठेवली, तर ती स्वतःचेच पाणी गमावते आणि कोमेजते. म्हणून पाणी बाहेरचे हवे आणि हवा खेळती हवी. याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार झाला. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर फट ठेवून तीत वाळू भरतात, वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ भिजवतात आणि वर ओले आच्छादन घालतात. कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहते.

मात्र हवा दमट असेल, तर हा लाभ घटतो. बाहेर 40 अंश तापमान आणि 20 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओल्या फुग्याचा तापमापक सुमारे 23 अंश दाखवतो. बाष्पीभवनाने याहून खाली जाता येत नाही. आषाढात 32 अंश तापमान व 60 टक्के आर्द्रता धरली, तर ही मर्यादा 26 अंश येते. म्हणजे वैशाखात 17 अंशांचा वाव, तर आषाढात अवघा सहा अंशांचा. पालखीच्या दिवसांत पाण्याइतकीच घाईही महत्त्वाची, ती यामुळे.

आम्ही काय बदलले?

पुढच्या वर्षी दिंडीला किती आणि कोणती भाजी हवी, हे आधी विचारले. फवारणी केलेल्या वाफ्यातील भाजी, औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस पुरे झाले नसतील, तर वगळली. जाड सालीचा लाल भोपळा बरेच दिवस टिकतो. तो आठवडाभर आधीच जमवला. दोडके आणि दुधी आदल्या दिवशी काढले. पालेभाजी मात्र त्याच दिवशी पहाटे, गारव्यात खुडली, बांबूच्या पाट्यांत सैल ठेवली, वर ओले गोणपाट टाकले आणि दोन तासांच्या आत पोचवली.

करून पाहा

दोन सारखे थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी भरा. दुसऱ्यात तेवढीच मटकी उकळून, पूर्ण गार करून भरा. तोंडाशी कापसाचा सैल बोळा बसवून त्यातून तापमापक आत सोडा आणि दर दोन तासांनी एक दिवसभर नोंदी करा. कोणती मटकी तापते? उकळलेली मटकीही दुसऱ्या दिवशी थोडी तापू लागली, तर ते कोणाचे काम असेल?

त्या वर्षीही मावशींनी पाटीत हात घातला. या वेळी तो लगेच बाहेर आला नाही. “गार हाय,” एवढेच म्हणून त्यांनी मेथी निवडायला घेतली.