आधी कवटी, मग पापण्या

अगं, तू कॉम्प्युटरवर घडवून पाठवलेला चेहरा मोठ्या पडद्यावर उघडून नीट पाहिला. कातडीवरची छिद्रं, ओठांच्या बारीक भेगा, पापणीचा एकेक केस, सगळं केलंयस. किती रात्री जागली असशील! पण मॉडेल बाजूने फिरवलं तेव्हा दिसलं की डोक्याला मागचा भागच नाही, कान पार गालावर आलेत. आणि खाली तू लिहिलंस, ‘ताई, माझ्यात ते नाहीच वाटतं.’ ते वाचून मला राहवलं नाही. तुझ्यात आहे. फक्त तू सराव करून राहिलीस तो शेवटच्या टप्प्याचा, आणि पहिला टप्पा तसाच राहून गेलाय.

पोळ्याच्या बरंच आधी एकदा नागपूरच्या महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांकडे जा. सकाळीच जा, विचारून बाजूला उभी राहा, त्यांच्या कामात मधे येऊ नको. मंडळाची मोठी मूर्ती कशी उभी राहते ते पाहा. आधी लाकूड-बांबूचा सांगाडा. त्यावर तणस सुतळीने करकचून आवळतात, म्हणजे पोट, मांड्या, सोंड यांचा ढोबळ घेर तयार होतो. मग मातीचा जाड थर. तो वाळतो, तडकतो, भेगा बुजवतात, पुन्हा माती. ओल्या फडक्याने गुळगुळीत करणं त्याच्यानंतर, रंग त्याच्याही नंतर आणि डोळे अगदी शेवटी. तू मात्र तणसाच्या टप्प्यावर थांबून बघ. चेहरा नाही, दागिने नाहीत, तरी गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं की हा गणपती बसलाय आणि किंचित डावीकडे झुकलाय. माझ्या मते मूर्तिकाराचा खरा कस तिथेच लागतो. पुढचं काम कितीही नाजूक झालं तरी आतला चुकलेला झोक लपत नाही.

कॉम्प्युटरवरही हेच आहे, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. घनाला सहा बाजू. एकदा विभागला की 24, दुसऱ्यांदा 96, सहाव्यांदा 24,576. दर विभागणीला पातळी एकाने वर, बाजू चौपट. खालच्या पातळीवर एक बिंदू ओढलास तर अख्खा गाल सरकतो, म्हणून तिथे मोठ्या आकाराचाच विचार करावा लागतो. वरच्या पातळीवर गेल्यावर गालफडाचं हाड हलवायला गेलीस की नुसते उंचवटे येतात. तुझ्या मॉडेलवर कपाळ गाठीगाठीचं दिसतं ना, ते त्याचमुळे. ब्रश वाईट नाही, टॅब्लेट वाईट नाही. तू फार लवकर वर चढलीस, एवढंच.

म्हणून आता रोज अर्धा तास दे. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे खोली तापते आणि लॅपटॉपही, तेव्हा सकाळचा बरा. ब्लेंडरमध्ये गोळा घ्यायचा, तीनच ब्रश ठेवायचे: ग्रॅब, क्ले स्ट्रिप्स, स्मूद. वेळ संपली की फाइल जपून ठेवायची आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी नवीन गोळा. कालचाच पुढे न्यायचा मोह होईल, कारण तो अर्धवट असतो आणि मन त्याच्याशी अडकतं. तरी नको. एकच चेहरा महिनाभर घासलास तर सुरुवात करण्याचा सराव महिन्यातून एकदाच होतो, आणि सगळे मोठे निर्णय तर सुरुवातीलाच होतात: कवटी किती रुंद, हनुवटी किती पुढे, मान कुठून निघते. आठवडाभर एकच विषय धर, म्हणजे कालचा निर्णय आज सुधारता येतो.

आपल्या नागपूरच्या मारबतीच्या पुतळ्याचंच बघ ना. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून निघते. दरवर्षी ती नव्याने घडते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवली जाते आणि शेवटी जाळली जाते. घडवणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, जुनी मूर्ती जपलेली नाही, तरी लोक लांबूनच तिला ओळखतात. तुझ्या फाइलींचंही असंच होऊ दे. हातात जे राहील ते राहील. चांगल्या वाटल्या नाहीत तर महिन्याने पुसून टाक, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

रोजच्या कामात एवढं मात्र तपासायचं. चेहऱ्याचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिके ते वर नेतात, कारण कपाळाकडे कुणी लक्ष देत नाही. बाजूने पाहिलं की कान डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित मागे बसतो, भुवई आणि नाकाच्या तळाच्या दरम्यान. मग ब्लेंडरमध्ये प्रकाश ‘फ्लॅट’ कर, रंग काळा कर आणि मॉडेल गोल फिरव. नुसत्या बाह्यरेषेवरून माणूस ओळखू येतो का, ते पाहा. आणि फोकल लेंग्थ बदल गं! ब्लेंडरच्या खिडकीत ती मुळात 50 मिमी असते. चेहऱ्यासाठी 85 ते 100 ठेव. फोन नाकाशी धरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं, तशीच ती कमी लेंग्थ फसवते आणि आपण न फुगलेलं नाक दाबत बसतो.

चेहऱ्याची सपाट प्रतलांत विभागणी कळावी म्हणून असारो हेडची नक्कल कर. जॉन असारो या चित्रकाराने बनवलेलं ते डोकं गोलाई काढून सपाट तुकड्यांत मांडलेलं आहे, प्रकाश कुठे तुटतो ते त्यावर स्पष्ट दिसतं.

पण सगळं पडद्यावरच शिकू नकोस. सुट्टीत रामटेकला जा, गडावरचा केवल नृसिंह बघ. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली ती लाल दगडातली मूर्ती. बारकावे फार थोडे आहेत. रुंद छाती, आखूड मान, ऐसपैस बसलेलं जड शरीर. पंधरा शतकं झाली, तरी ती बैठक समोरच्याला थबकवते. वही घेऊन जा, नुसते घेर काढ, आयाळ सोडून दे. अजब बंगल्याच्या संग्रहालयात शिल्पांचं दालन आहे, तिथेही हेच कर. मला विचारशील तर एक तास दगडासमोर बसणं हे एका रात्रीच्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतं.

कॉलेजात कुणी म्हणतं ना, माती वेगळी आणि माउस वेगळा? त्यांना शिल्पकार राम सुतारांचं सांग. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा उभा करायच्या आधी 3, 18 आणि 30 फुटांचे नमुने झाले. मोठा नमुना मंजूर झाल्यावर त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग करून तो आकार वाढवला गेला. यंत्राने वाढवलं ते आधी माणसाच्या हातात पक्कं झालेलं होतं. म्हणून आठवड्यातून एकदा शाडू मातीचा गोळाही हातात घे, बोटांना वजन कळू दे.

पैशांचं म्हणशील तर आत्ता काही विकत घेऊ नकोस. ब्लेंडर फुकट आहे, लॅपटॉप कुरकुरला तर स्कल्प्टजीएल ब्राउझरमध्येच चालतं. विकतचा झेडब्रश कामाला लागल्यावर. साधा पेन टॅब्लेट मात्र हवाच, कारण दाब कमी-जास्त करणं माउसला येत नाही. आणि मनगट दुखलं तर त्याच दिवशी थांब. तिथे हट्ट केलेला मला अजिबात आवडणार नाही.

या आठवड्यात फक्त कवटी. कातडी नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. शनिवारी मला सगळ्या फाइली पाठव, आवडलेल्या निवडून नको, बिघडलेल्याही. प्रत्येकीचे पुढून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो पुरेत. मी बघून सांगते, मग पुढच्या आठवड्यात कान घेऊ.