पाऊसमान आणि माळावरील वन्य जीव

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. या हवामानाचा हिशेब आपण पिकांपुरता मांडतो. परंतु माळावरील पशुपक्ष्यांची संख्याही त्याच हिशेबाने घटते-वाढते. मात्र एकाच पावसाचे फळ सर्वांस सारखे मिळत नाही.

शेतातील उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेतास अनेक पिले देते. मुसळधार पावसाने बिळे बुडून पिले मेली, तरी तणांचे बी मुबलक असल्यास ही तूट त्याच हंगामात भरून निघते. मग रब्बी ज्वारी दाण्यावर येईपर्यंत बांध पोखरलेले दिसतात. काळविटाची मादी सुमारे सहा महिने गाभण राहून बहुधा एकच पाडस देते. तिचा कळप सावरण्यास काही बरी वर्षे लागतात.

माळढोकाची गोष्ट याहून कठीण आहे. पावसाळ्यात मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व सुमारे चार आठवडे उबवते. पाऊस पडला म्हणजे जमिनीतील अंड्यांतून नाकतोडे निघतात, गवत वाढते आणि पिलास चारा व आडोसा दोन्ही मिळतात. पाऊस लांबला, ऊन तापत राहिले, की गवतही नाही व किडाही नाही. त्या वर्षीची वीण बहुधा वाया जाते. नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले, तरी तेथे आता एखादाच पक्षी दिसला तर दिसतो. याचा सर्व दोष अवर्षणावर टाकणे योग्य नव्हे. शिकार झाली, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. संख्या मोठी असती तर दुष्काळ सोसला असता.

चंडोळ, टिटवी, धाविक हे पक्षीही जमिनीवरच अंडी घालतात. याकरिता ग्रामसेवकांनी गायरानाचा निदान एक भाग जून ते सप्टेंबर चराईस बंद ठेवण्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे मांडावा. पुढे ते गवत कापून नेता येते, म्हणजे जनावरांचेही नुकसान नाही. उंदरांचा बंदोबस्त त्यांची वीण वाढण्यापूर्वी, पावसाळ्याच्या आरंभीच, सर्व शेजाऱ्यांनी मिळून करावा. एकट्याने केल्यास शेजारच्या बांधावरून उंदीर पुन्हा येतात. विषारी आमिष उघड्यावर न टाकता चालू बिळातच घालून तोंड बुजवावे. उघड्यावरचे दाणे पक्षी टिपतात. मेलेले उंदीर आढळल्यास खोल पुरावेत, कारण ते खाणारे घुबड हेच आपल्या शेताचे बिनपगारी राखणदार आहे.