पाटी कोणाची, जागा कोणाची?

नागपूरला बाजाराला गेलो की आपण बर्डीवर उतरतो. तेथे व्हरायटी चौक आहे. महात्मा गांधींचा पुतळा आहे, तोच हा चौक. "गुरुजी, ह्या चौकाचं नाव असं काऊन?" असे गावची मंडळी आम्हांला विचारतात. उत्तर सोपे आहे. व्हरायटी नावाच्या टाकीजवरून चौकाला ते नाव पडले. पंचशील चौक आणि सदरमधला लिबर्टी चौक, ही नावेही अशीच टाकीजवरून पडली. लोकांच्या तोंडी बसलेले नाव लवकर जात नाही.

पण नाव लागले म्हणजे जागाही त्याच नावाची झाली काय? नाही. ते कसे, हे पुण्याच्या एका टाकीजच्या गोष्टीवरून पाहू.

पुणे शहरात अप्पा बळवंत चौक आहे. तेथे इंदूरच्या सरदार किबे यांनी थिएटर बांधले. ते १९३४ साली सुरू झाले. त्याचे नाव होते किबे लक्ष्मी थिएटर. प्रभात फिल्म कंपनीने ते चालवायला घेतले. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला आली. 'संत तुकाराम' हा बोलपट तिनेच काढला. पुढे थिएटरला प्रभात हेच नाव पडले. १९५३ साली कंपनी बंद झाली, तरी टाकीज चालूच राहिली. कंपनीच्या भागीदारांपैकी दामले यांच्या घरच्यांनी ती चालवली.

अशी ऐंशी वर्षे गेली. कोणालाही वाटावे, जागा प्रभातचीच! पण जागा किबे यांची होती. २०१४ साल संपता संपता ती त्यांच्या घराण्याकडे परत गेली. प्रभातची पाटी उतरली आणि किबे लक्ष्मी हे जुने नाव पुन्हा लागले.

आता आपल्या गावाकडे पाहा. कोणी दुसऱ्याच्या जागेवर दुकान टाकतो. वर आपल्या नावाची पाटी लावतो. भाडे तोंडी ठरते. दहा-वीस वर्षे सुखाची जातात. मग जुनी माणसे जातात, मुले मोठी होतात आणि भांडण उभे राहते. तेव्हा पाटी कामी येत नाही, कागद कामी येतो.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शेताचा सातबारा आणि शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका काढून नाव स्वतः वाचा. भाड्याचा करार लेखी करा आणि त्याची नोंदणी करून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसे सांगितलेच आहे. करारात मुदत किती, भाडे किती, हे वाचल्यावाचून सही करू नका.

काल आपण अंगठा उठवीत होतो. आज आपल्याला वाचता येते. मग पाटी वाचून थांबू नका, कागदही वाचा.