गोठ्यातील गोचीड आणि घरातील ताप



गोचीडताप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संकरित गाय उभी राहते. तिने वैरण सोडलेली असते आणि दूध आटलेले असते. थायलेरिया, बबेसिया या एकपेशीय परोपजीवींमुळे होणारा तो जनावरांचा आजार होय. या लेखात सांगावयाचा ताप त्याहून निराळा आहे. तो माणसाला होतो आणि रिकेट्सिया नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे होतो. डॉक्टर त्याला 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. नावातील टायफसमुळे पुष्कळांना तो टायफॉईड वाटतो. टायफॉईड दूषित पाण्यातून व अन्नातून येतो, हा ताप मात्र गोचीड चावल्याने येतो. दोन्हींची औषधे एकच नाहीत, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

हा आजार आपल्या राज्याला नवा नाही. पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया आजारांवर पडबिद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी 2011 साली मुलांमधील हा ताप लवकर ओळखण्यासाठी लक्षणांना गुण देण्याची पद्धत सुचविली. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात स्क्रब टायफसने माणसे दगावली, तो याच गोतातला आजार. फरक इतकाच की तो गवतातील चिगर नावाच्या बारीक किड्यामुळे पसरतो.

आता या जिवाणूचा मुक्काम कोठे असतो ते पाहू. उंदीर, कुत्रा, माणूस यांच्या रक्तात तो थोडे दिवसच राहतो. त्याचे खरे कोठार म्हणजे गोचीड. बाधित मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. तिची पिल्ले कोणालाही चावण्यापूर्वीच जिवाणू घेऊन जन्माला येऊ शकतात. त्यामुळे नुसते उंदीर मारून किंवा कुत्रा हाकलून हा प्रश्न सुटत नाही.

या कामी सर्वांत महत्त्वाची जात म्हणजे कुत्र्यावरील तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी अंगावरून खाली उतरते. पिल्लू रक्त पिऊन उतरते, कात टाकते आणि पुन्हा कुत्रा शोधते. शेवटी भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा पडवीच्या कुडात शिरून हजारांच्या घरात अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यांच्या कितीतरी पट गोचीड भिंतीत लपलेली असतात. प्रौढ गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते. घर दोन महिने बंद ठेवले म्हणून ती मरत नाही.

ठाणे जिल्ह्याची आजची रचना या गोचीडीच्या पथ्यावर पडणारी आहे. कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या गावांत एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला भातशेती, वरकस आणि मधे तबेले असे चित्र दिसते. इमारतींच्या उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री दुपारी तबेल्याच्या सावलीत येऊन पडतात. मुरबाड, शहापूरकडे रानातील कोल्हा, ससा, उंदीर यांच्यावरच्या गोचीडी गवत कापणाऱ्यांच्या व गुराख्यांच्या अंगावर चढतात. पौषात म्हशाच्या यात्रेला लांबलांबून बैल येतात. विकत घेतलेल्या जोडीबरोबर पाहुणी गोचीडही आपल्या गोठ्यात येते. बैलाची वशिंडे आणि दात आपण बारकाईने पाहतो, पण कानाची आतली बाजू व शेपटीचे मूळ पाहण्याची सवय अजून पडलेली नाही.

उन्हाळ्याचाही येथे संबंध आहे. तपकिरी गोचीड एरवी कुत्र्यालाच पसंत करते, पण फार गरम झाल्यास ती माणसालाही सहज चावू लागते. फ्रान्सच्या दक्षिण भागात 2007 च्या अतिउष्ण एप्रिलनंतर असे रुग्ण आढळले आणि तेथील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत 40 अंश तापमानाला हेच पडताळून पाहिले. बदलापूर-मुरबाड पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा 40 च्या पुढे जातो. त्यात पत्र्याचा गोठा असला तर आतील उष्मा विचारायलाच नको.

धार काढताना जनावराची गोचीड उपटून नखाने किंवा दगडाने चिरडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती आधी बंद करावी. चिरडलेल्या गोचीडीतील रस बोटाच्या चिरेतून किंवा डोळ्यातून शरीरात जाऊ शकतो. साबणाच्या पाण्याचा डबा जवळ ठेवून त्यात गोचीडी टाकाव्यात. आपल्या अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. विडीचा चटका किंवा रॉकेल तिला लावू नये. जिवाणू अंगात शिरण्यास बहुधा काही तास लागतात, म्हणून रानातून आल्यावर त्याच संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे व मुलांचे केस तपासावेत.

बंदोबस्त करताना जनावरे, कुत्रे व जागा या तिन्हींवर एकाच दिवशी उपचार करावा. नुसत्या गाई धुवून फारसे साधत नाही. औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरावे. पिकावरचे कीटकनाशक जनावरावर मारण्याचा मोह टाळावा, त्याने विषबाधा होते. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून 15 दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवून चुना द्यावा. भिंत दगडी असेल तर ज्योतीने शेकता येते, मात्र पेंढ्याच्या छपराखाली हे धाडस करू नये. पेंढ्याची उडवी गोठ्याला टेकून रचू नये, कारण तिच्यात उंदीर राहतात आणि उंदरांवर गोचीडीची पिल्ले. गावठी कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडाव्यात, त्या गोचीडी वेचून खातात. माझ्या मते इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

एवढे करूनही घरात ताप आलाच तर वेळ दवडू नये. चावल्यानंतर साधारण आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांनी, जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. तीन-चार दिवसांनी पुरळ उठते आणि ते तळहात व तळपायांवरही दिसते. चावल्याच्या जागी काळी खपली असेलच असे नाही. पावसाळ्यात हा ताप डेंग्यू किंवा लेप्टो समजला जातो आणि लहान मुलात गोवर. दुर्लक्ष झाल्यास रक्तवाहिन्या सुजतात, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना इजा होते आणि रोगी दगावू शकतो. जिवाणू पेशीच्या आत राहत असल्याने पेनिसिलीनसारखी औषधे येथे निरुपयोगी ठरतात. डॉक्सिसायक्लिन हे जुने व स्वस्त औषध वेळेत मिळाले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार दाट संशय असल्यास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील. पण गोठा, कुत्रे, गवतकापणी किंवा अंगावरून काढलेली गोचीड यांबद्दल त्यांना आपण होऊन सांगावे, कारण शहरातील दवाखान्यात हा प्रश्न कोणी विचारीलच असे नाही. गोचीड काढल्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.