भूमिपरीक्षा आणि खाणप्रकल्प : वैद्याचे कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६व्या अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, याचे विवेचन केले आहे. खड्डे, खडे-दगड, वारुळे व स्मशान यांनी युक्त भूमी वर्ज्य. स्निग्ध, स्थिर व जलसमीप भूमी प्रशस्त होय. औषधीचे गुण भूमीच्या आश्रयाने राहतात, हे यामागील तत्त्व.

सिंधुदुर्गातील सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी प्रस्तावित झाल्यापासून हा विषय केवळ ग्रंथापुरता राहिलेला नाही. तिलारी परिसरातील २९.५३ चौ.कि.मी. वनक्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव घोषित झाले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यास पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला.

‘तोडलेल्या वृक्षांच्या बदल्यात अन्यत्र लागवड करू’, हा खाणीच्या समर्थनार्थ नेहमीचा युक्तिवाद. द्रव्यगुणदृष्ट्या तो टिकत नाही.

१) अशोक : हा ओढ्याकाठच्या आर्द्र छायेत वाढणारा वृक्ष. उघड्या माळावर त्यास तो देश लाभत नाही. खरी साल दुर्मिळ झाली की बाजारात खोट्या अशोकाची साल येते. रक्तप्रदराच्या रुग्णेस उपशय मिळत नाही आणि दोष मात्र योगावर येतो.

२) सप्तरंगी : प्रमेहात उपयुक्त अशी ही वनस्पती इतर वृक्षांच्या आधाराने वाढते. वनच गेले तर केवळ रोपाने काय साधणार?

३) उदक : डोंगर कापल्यावर झरे क्षीण होतात व माती ओढ्यांत उतरते. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीचा बांध फुटून गाळ व पाणी वस्तीत आणि बागायतीत शिरले.

चरकसंहितेच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल यांची विकृती सांगितली आहे. भूमी विरस होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करावा, असा उपदेश आत्रेयांनी तेथे केला. परंतु कोठीतील संग्रह एक-दोन वर्षांत हीनवीर्य होतो. म्हणून आज भूमीचे रक्षण हाच खरा संग्रह होय.

या दृष्टीने वैद्यबंधुभगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात :

अ) आपल्या परिसरातील औषधींची स्थान व ऋतूसह नोंद ठेवावी.

आ) ती ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करवून घ्यावी.

इ) खाणप्रस्तावाच्या जनसुनावणीत त्या नोंदीच्या आधारे लेखी हरकत सादर करावी.

नोंदीत नसलेली वनस्पती प्रकल्प-अहवालातही सहसा येत नाही. आणि अहवालात नसलेल्या वनस्पतीची हानी कोणी विचारात घेत नाही. ही उणीव भरून काढण्यास द्रव्य ओळखणाऱ्या वैद्याइतका अधिकारी दुसरा कोण?