संगणकाची स्मृती आणि बाळाचे लसीकरण कार्ड

शालेय पुस्तकात संगणकाच्या साधनांचे तीन गट केलेले असतात. माहिती आत नेणारी ती आदान साधने, म्हणजे इनपुट. ती बाहेर दाखविणारी प्रदान साधने, म्हणजे आउटपुट. आणि जपून ठेवणारी संचय साधने, म्हणजे स्टोरेज. कीबोर्ड व स्कॅनर पहिल्या गटात, पडदा व प्रिंटर दुसऱ्यात, फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडी, पेन ड्राइव्ह तिसऱ्यात. आम्ही डॉक्टर मंडळी तिसऱ्या गटाविषयी बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘किती मावते?’ ‘किती वर्षे टिकते?’ हे विचारायचे राहून जाते. माझेही राहिले.

सांबऱ्यातील माझ्या दवाखान्यात संगणक आला तो २००१ साली. बाळांची नावे, वजने, लसींच्या तारखा मी मोठ्या हौसेने साडेतीन इंची फ्लॉप्यांवर साठवू लागलो. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढीच माहिती मावे. आजच्या मोबाइलवरील एखादे छायाचित्रही तीत बसणार नाही. त्या वेळी मात्र कपाटभर वह्या खिशात आल्यासारखे वाटले होते.

२०१९ साली शेजारच्या गावची एक मुलगी आईसोबत आली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन डोसांचा पुरावा हवा होता. तिच्या जन्मकाळी ही लस सरकारी कार्यक्रमात सर्वत्र आलेली नव्हती. ती माझ्याकडेच टोचली होती. त्यामुळे नोंद असलीच तर माझ्याकडे.

मी फ्लॉप्या काढल्या. अकरापैकी चार उघडल्या. फ्लॉपीतील पातळ चकतीवर चुंबकीय लेप असतो आणि वाचणारे डोके त्या लेपाला टेकूनच फिरते. बेळगावच्या पावसाळ्यात चकतीवर बुरशी धरली, की प्रत्येक वाचनात लेप खरवडला जातो. हार्ड डिस्कमध्ये डोके पृष्ठभागापासून किंचित अधांतरी राहते, म्हणून तिथे हा त्रास नाही. पण ती पडली वा तिची मोटर बिघडली, की सारेच एकदम जाते.

उघडलेल्या चार फ्लॉप्यांत मुलीचे नाव असावे, पण पडद्यावर उमटली निरर्थक चिन्हे. कारण इनपुटच्या वेळचे होते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणक ‘क’ हे अक्षर साठवीतच नसे. रोमन चिन्हाच्या जागी ‘क’ची आकृती दाखवीत असे. तो फॉन्ट हरवला, की मजकूरही हरवला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून आजचा मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डची गंमत तर आपल्या सीमाभागाने अवश्य अनुभवावी. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर, स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. एका भाषेत हात बसला की दुसरीसाठी फारसे शिकावे लागत नाही. रोमन लिपीत ‘लक्ष्मी’ कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ने, आणि एकाच मुलीच्या दोन फाइली होतात.

इनपुटची याहून घातक चूक दशांशचिन्हाची. पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम धरली, तर साडेआठ किलोच्या बाळाला सुमारे १२८ मिलिग्रॅम होते. ८.५ ऐवजी ८५ टाइप झाले, तर यंत्र निमूटपणे १२७५ सांगेल. आकडा एकटा असला की नजर फसते; तेच वजन वाढीच्या आलेखावर मांडले, तर रेषा आकाशात गेलेली अशिक्षित आजीलाही दिसते. आउटपुट कसे दाखवावे, हाही उपचाराचाच भाग आहे.

छापील आउटपुट तरी कायमचे, असे समजू नये. ईसीजीचा बहुतेक कागद उष्णतेने काळा होणारा असतो. उन्हात वा प्लास्टिकच्या पिशवीत तो फिका पडतो, आणि लॅमिनेट करायला दिला तर इस्त्रीच्या आचेने संपूर्ण काळा होऊन परत येतो. त्याची साध्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवावी.

आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. लसीची तारीख मात्र अठरा वर्षांनीही मागितली जाते. सीडीवरील रंगद्रव्य उजेडाने खराब होते, पेन ड्राइव्हमधील विद्युतभार वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिल्यास गळू शकतो. म्हणून मी आता नोंदी दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवतो, एक प्रत दवाखान्याबाहेर असते, आणि दर दिवाळीला दोन्ही उघडून पाहतो. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे कळणार कसे?

त्या दिवशी मी हात टेकले, तेव्हा मुलीच्या आईने पिशवीतून पिवळे पडलेले कार्ड काढले. लुगड्याच्या घडीत तिने ते अठरा वर्षे ठेवले होते. दोन तारखा स्वच्छ होत्या. तिसऱ्या डोसची शाई पसरली होती, तरी महिना वाचता येत होता आणि खाली माझी सही होती. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली, ती समाधानकारक आली. मग तारखा मी नव्याने टाइप केल्या. दाखला छापण्यापूर्वी आई म्हणाली, “डॉक्टर, जरा थांबा, मी एकदा कार्डाशी ताडून बघते.”